मातीच्या भिंतीला गुट्टी

आमचं घर आणि नानांचं गॅरेज यांच्यात एकच भिंत होती. अलीकडे चूल, पलीकडे ट्रकची चाकं. मधल्या दाराला फळी नव्हती, गोणपाटाचा पडदा होता. त्या पडद्याला घराच्या बाजूनं फोडणीचा वास यायचा आणि गॅरेजच्या बाजूनं डिझेलचा. धुळ्यात आग्रा रोडवर ट्रकची ये-जा कधी थांबायची नाही. मोठी गाडी गेली की फडताळातले पितळी पेले किणकिणायचे, नवा पाहुणा दचकायचा आणि आम्हाला हसू यायचं. नाना म्हणजे माझे वडील. सगळा रोड त्यांना नानाच म्हणायचा. ते ट्रकच्या इंजिनाचं काम करत. मोठा भाऊ, दादा, त्यांच्या हाताखाली. माय घरात. मी कुठे आहे असं कोणी विचारलं तर माय म्हणायची, "असेल डब्यांपाशी."

डबे म्हणजे तुपाचे रिकामे पत्र्याचे डबे. त्यांत नट, बोल्ट, वायसर, स्क्रू, खिळे सगळं एकत्र पडलेलं असायचं. मी चौथीपर्यंत शिकले. पाचवीची मुलींची शाळा लांब होती, एवढंच कारण. मी रडले वगैरे नाही. शाळा सुटली तशी मी त्या डब्यांपाशी बसले आणि लग्न होईपर्यंत तिथून उठले नाही. नाना गाडीखाली आडवे पडून नुसता हात बाहेर काढायचे आणि म्हणायचे, "तीन सूत," आणि मी तीन सुताचा बोल्ट हातावर ठेवायचे. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. आमच्याकडे दूध पावशेरात मोजत आणि बाकी जग सुतात. पुढे पुढे मला डब्यात बघावंही लागत नसे. बोटं घातली की कळायचं. नाना ड्रायव्हर लोकांसमोर माझे डोळे फडक्यानं बांधायचे आणि एकेक बोल्ट हातात द्यायचे. मी सांगायचे, हा पाव इंची, हा चार सुती, याचे आटे गेलेत, फेकून द्या. ड्रायव्हर टाळ्या वाजवायचे. नाना म्हणायचे, "मनी पोरले बठ्ठं समजस." माझ्या पोरीला सगळं कळतं. आयुष्यात माझं कौतुक फार झालं नाही. जे झालं ते तिथेच, तेलकट फडकं डोळ्यांवर असताना.

मग दादाचं लग्न झालं आणि वहिनी आली.

वहिनी जळगावची. तिचे वडील सुतार, पण खाटा-पलंग करणारे नव्हेत. ते सराफांच्या दुकानांतली भिंतीवरची कपाटं बसवत. सोनं ठेवायचं कपाट भिंतीवरून सुटलं तर सुतार गावात तोंड दाखवू शकत नाही, असं ती सांगायची. ती सातवी पास होती. पेपर वाचायची, तोही मोठ्यानं नाही, ओठ न हलवता. मला ओठ हलवल्याशिवाय आजही वाचता येत नाही. ती माझ्यापेक्षा दोनच वर्षांनी मोठी, पण मी नणंद म्हणून मला 'अक्का' म्हणायची, अहोजाहो करायची, आणि त्यात कुठे खोट काढायला जागा ठेवायची नाही. हेच मला खुपायचं. वाईट वागली असती तर बरं झालं असतं. मी तिचं वाईट शोधत बसायचे. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी तिला नीट थापता येत नाही असं मी मायला दाखवून दिलं. आठ दिवसांत तिची भाकरी माझ्यापेक्षा गोल व्हायला लागली. भरताची हिरवी वांगी ती कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजायची, लसूण-मिरची वांग्याबरोबरच ठेचायची, आणि नाना पहिल्यांदा जेवताना बोटं चाटून म्हणाले, "तिला सांग, आणखी थोडं वाढ." मी केलेलं भरीत ते पंधरा मिनिटांत गिळून गाडीखाली जायचे.

"तिला सांग" म्हणाले, कारण सून सासऱ्याशी बोलत नसे. आजच्या पोरींना हे सांगितलं तर त्यांना वाटतं भांडण असेल. भांडण नव्हतं, ती रीत होती. सासरा बसला असेल तिथे सून यायची नाही. काही सांगायचं तर पडद्याआड उभी राहायची आणि सासूला किंवा नणंदेला उद्देशून म्हणायची, "नानांना सांगा, पाणी तापलंय." नाना तीन हातांवर बसलेले असायचे. पण ते मान वर करायचे नाहीत. मग मी म्हणायचे, "नाना, पाणी तापलंय." तेव्हा त्यांना पाणी तापल्याचं कळायचं. उत्तर त्याच रस्त्यानं परत जायचं. पडद्याखाली वहिनीची जोडवी दिसायची, मधेच बांगड्या वाजायच्या, बस. आम्हाला यात काही वेडेपणा वाटत नव्हता. मधल्या माणसानं तोंडातून काढल्याशिवाय शब्द बोललाच गेला नाही, असं आम्ही सगळे धरून चालायचो. मी तर इतकं धरून चालले होते की नानांना कान आहेत हेच विसरले.

त्या उन्हाळ्यात नानांनी कपाटं करायला घेतली. गॅरेजात सगळं जमिनीवर असायचं. बेअरिंगमध्ये धूळ जायची, गॅस्केटचे कागद उंदीर कुरतडायचे, आणि एका ड्रायव्हरचा पाय माझ्या डब्यावर पडून सगळे स्क्रू मोरीपर्यंत गेले होते. मुंबईहून इंजिनाचे सुटे भाग ज्या खोक्यांतून यायचे त्यांच्या देवदारी फळ्या नानांनी साठवून ठेवल्या होत्या. त्यांची त्यांनी आणि दादानं मिळून तीन कपाटं केली, प्रत्येकाला दोन दारं, आत तीन खण. नानांना लाकडातलं फार कळत नव्हतं. सांधे जाडजूड, दारं जरा वाकडी. पण मजबूत होती, आणि मला ती फार सुंदर वाटायची, कारण सबंध महिनाभर खिळे मी दिले होते.

करणं झालं, आता भिंतीवर लावायची. लोखंडात लोखंड बसवायचं असतं तर नानांसारखा माणूस धुळ्यात नव्हता. पण भिंतीशी त्यांचं जमायचं नाही. त्यांना भिंत म्हणजे इंजिनाची बॉडी वाटायची, ठोकलं की बसणार. एकदा त्यांनी देवाचा फोटो लावला होता, तो आरतीच्या वेळी पडला.

नेमकी तेव्हाच माय बोदवडला गेली. तिच्या बहिणीच्या घरी लग्न होतं, ज्वारीचे बिबडे, कुरडया, सगळं वाळवण करायला बायका हव्या होत्या. जाताना मला म्हणाली, "नाना आणि तिच्यामधे आता तूच. बोलणं नीट सांगत जा." मी हो म्हणाले.

पहिलं कपाट समोरच्या भिंतीला लावायचं होतं. ती भिंत काळ्या दगडाची, चुन्यात बांधलेली. नानांनी चार इंची खिळा घेतला आणि ठोकायला लागले. तीन खिळे वाकले, चौथ्यानं ठिणगी उडवली. पडद्याआडून वहिनी म्हणाली, "अक्का, नानांना सांगा, खिळा नको. दगडात जात नाही, आणि गेला तरी वजनानं खाली मान टाकतो. दोन दगडांच्या सांध्यात छिन्नीनं भोक पाडा, त्यात बाभळीची वाळलेली गुट्टी ठोका, आणि मग गुट्टीत स्क्रू. अडीच इंची."

गुट्टी म्हणजे लाकडाची मेख. आता माझी नात मशिननं भिंतीला भोक पाडते, प्लास्टिकची गुट्टी अंगठ्यानं दाबते, पोळी उलटेपर्यंत आरसा लागलेला असतो. तेव्हा गुट्टी हातानं तासावी लागायची, आणि ओल्या लाकडाची केली तर ती वाळून आकसायची आणि सगळं हातात यायचं. हे मला त्या दिवशी कळलं, पडद्यातून.

मी नानांकडे गेले आणि म्हणाले, "नाना, मला वाटतं खिळा नको. बाभळीची गुट्टी करू."

नानांनी माझ्याकडे पाहिलं. जरा जास्त वेळ पाहिलं, असं मी आज म्हणते. तेव्हा मला वाटलं, कौतुकानं बघतायत. ते म्हणाले, "कर मग." कपाट बसलं. दादा त्याला दोन्ही हातांनी लोंबकळला तरी हललं नाही. एका ड्रायव्हरनं विचारलं, "नाना, ही युक्ती कुणाची?" नाना म्हणाले, "पोरीला विचारा." मी खाली बघून हसले. दुपारी भाकरी वाढताना वहिनी मला हळूच म्हणाली, "अक्का, 'मला वाटतं' छान म्हणालात." तिच्या बोलण्यात राग नव्हता. थोडी गंमत होती. मला ती गंमत झोंबली.

दुसऱ्या कपाटाला नानांनी खिळा हातातच घेतला नाही. भिंत पक्क्या विटांची होती. ते मला म्हणाले, "विचार बरं तिला, इथं काय घालू." आदल्या दिवशी युक्ती माझी होती, आज सरळ "विचार तिला". मी पडद्यापाशी गेले, परत आले, पुन्हा गेले. गुट्टी किती जाड? विटेच्या मधोमध की सांध्यात? स्क्रूला साबण लावायचा का? लावायचा, म्हणजे तो लाकूड न चिरता आत जातो. मी येरझाऱ्या घालत होते आणि बोलणं त्या दोघांचं चाललं होतं. मी माणूस नव्हते, नळ होते. एका टोकानं घालायचं, दुसऱ्या टोकानं पडायचं. नाना हसत होते. मी निरोप सांगताना ते माझ्या तोंडाकडे बघत नव्हते, पडद्याकडे बघत होते. आणि संध्याकाळी तेच ड्रायव्हर आले तेव्हा नाना म्हणाले, "जळगावच्या सुताराची पोर शे. ऐकून सांगते भिंत कसली आहे ते." कोणी माझे डोळे बांधा असं म्हटलं नाही. फडकं खुंटीला तसंच होतं.

मी त्या रात्री जेवले नाही असं लिहिलं तर बरं दिसेल. पण मी जेवले. दाळ-बट्टी होती आणि बट्ट्या तिनं केलेल्या होत्या. चार खाल्ल्या.

तिसरं कपाट सगळ्यांत मोठं होतं. ते मधल्या भिंतीला लावायचं होतं, चुलीच्या पाठच्या. दादा मालेगावकडे बंद पडलेल्या गाडीवर गेला होता, तीन-चार दिवस यायचा नव्हता. नाना आणि मीच. आम्ही कपाट ट्रकच्या जॅकवर चढवून हवं तेवढं वर उचललं. नाना गुट्टीसाठी भोक कुठे घ्यायचं ते बघायला हातोडीनं भिंत वाजवत होते. ठक ठक नाही, धप धप आवाज येत होता. पडद्याआड बांगड्या वाजल्या.

"अक्का, नानांना सांगा, या भिंतीला गुट्टी नको. वरून गिलावा आहे, पण आत कच्च्या विटा आहेत, माती. मी रोज सारवते, मला माहीत आहे. मातीत गुट्टी धरत नाही, भोक मोठं होत जातं. आरपार बोल्ट घाला. दोन्ही अंगांना लोखंडाची पट्टी ठेवा आणि माझ्या बाजूनं नट आवळा."

भिंत मातीची आहे हे मलाही माहीत होतं. ती येण्याआधी सहा वर्षं मीच सारवत होते. पण मला ते सुचलं नव्हतं आणि तिला सुचलं होतं. आणि बोल्ट तर माझे होते. स्क्रू आणि गुट्ट्या तिनं घ्याव्यात, मी कुठे काय म्हणत होते; पण बोल्ट, नट, पट्टी, वायसर, हे तिनं पडद्याआडून सांगावं आणि मी जाऊन काढून द्यावं, ते माझ्याच्यानं होईना.

नाना माझ्यापासून पाच हातांवर होते. हातोडी खाली करून त्यांनी विचारलं, "काय सांगस ती?"

मी म्हणाले, "गुट्टीच घाला म्हणते. मागच्यासारखी."

पडद्याखालची जोडवी हलली नाहीत. ती बोलू शकत नव्हती. सासऱ्यासमोर नणंदेला खोटं पाडायचं म्हणजे एका दमात दोन रिती मोडायच्या, आणि तिच्या लग्नाला सहा महिनेही झाले नव्हते. नानांनी हातोडी दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाले, "आखो काही?"

आखो म्हणजे आणखी. नाना मधूनमधून अहिराणीत बोलायचे.

"काही नाही."

"आखो काही सांगनं नही?"

"नाही."

त्यांनी गुट्ट्या ठोकल्या. माती भुसभुशीत असल्यानं गुट्टी कशी लोण्यात गेल्यासारखी गेली. स्क्रू बसले, जॅक काढला, कपाट राहिलं. मी पडद्याकडे बघून म्हणाले, "बसलं की." जोडवी तिथून निघून गेली.

पण नानांनी त्या कपाटात काही ठेवलं नाही. म्हणाले, गुट्टी बसू दे दोन दिवस. दोनचे तीन झाले. बाकीची दोन कपाटं भरली, हे रिकामंच. रोज सकाळी चहा घेऊन मी गेले की नाना बशीत ओतता ओतता विचारायचे, "आखो काही?" मला वाटायचं, कामाचं विचारतायत. मी सांगायचे, अमका ड्रायव्हर येऊन गेला, तमक्याची गाडी पासिंगला न्यायचीय. ते हं म्हणायचे आणि चहा प्यायचे. वहिनी माझ्याशी पूर्वीसारखीच वागत होती, अक्का, जेवता का, अक्का, केस विंचरू का. तिनं एकदाही तो विषय काढला नाही. ते मला शिवीसारखं वाटायचं.

चौथ्या दिवशी सकाळी दादा परत आला. नाना एका गाडीच्या पासिंगला गेले होते. दादानं रिकामं कपाट पाहिलं आणि म्हणाला, "हे का मोकळं? भरू का?"

त्याला काही माहीत नव्हतं. मला होतं. मी म्हणाले, "भर."

मी नुसतं भर म्हणाले नाही, मी भरू लागले. जुनी बेअरिंगं, गिअरचे दाते, पिस्टन, साखळीचे तुकडे, जे जे जड होतं ते सगळं. कपाट टिकलं की तिचं बोलणं खोटं ठरणार होतं, एवढंच माझ्या डोक्यात होतं. भरून दारं लावून घेतली. टिकलं. दादा आंघोळीला नळावर गेला. मी कपाटाकडे बघत उभी राहिले आणि मला फार बरं वाटलं.

बाराच्या सुमाराला नाना आले. त्या भिंतीला पाठ लावून बसायची त्यांची जुनी जागा होती, तिथे पोतं टाकून ते डिझेलचा पंप खोलून बसले. वर कपाटाची दारं बंद होती. आत काय आहे ते त्यांना दिसण्यासारखं नव्हतं. दोन ड्रायव्हर समोर बिड्या ओढत होते. मी आत भाकरी करायला आले. वहिनी परातीत पीठ मळत होती. मी चुलीपाशी बसले, पहिली भाकरी तव्यावर टाकली, आणि परातीत माती पडली. चिमूटभर. आम्ही दोघींनी वर पाहिलं. चुलीच्या वरच्या अंगाला भिंतीचं सारवण फुगलं होतं, जसा पापड फुगतो तसं, आणि त्यात आडवी चीर गेली होती. पुन्हा थोडी माती पडली.

वहिनी म्हणाली, "अक्का, नानांना सांगा."

मी तव्यावरच्या भाकरीवर पाणी फिरवलं. सांगायचं म्हणजे का ते सांगावं लागणार होतं. मला वाटलं, थांबेल. मला वाटलं, नाना आपणच उठतील, तहान लागेल, बिडी मागायला जातील. मी भाकरीकडे बघत राहिले. किती वेळ, ते मी अनेकदा मोजलंय. भाकरीवर पाणी फिरवायचं आणि ती उलटायची, तेवढा. फार नाही. पण तेवढा वेळ मी बापाला त्या कपाटाखाली बसू दिलं, हे खरं आहे, आणि ते मऊ करून लिहायला मला येत नाही.

"अक्का," ती एकदा म्हणाली. मग तिनं माझ्याकडे बघणं सोडलं, पिठाच्या हातांनी पडदा बाजूला केला आणि म्हणाली, "नाना, उठा. भिंत सोडतेय."

ओरडली नाही. जेवायला उठा म्हणावं तशी म्हणाली, फक्त जोरात. नाना उठले. वर बघत बसले नाहीत, का म्हणून विचारलं नाही, पंप तिथेच टाकून उठले आणि एक पाऊल पुढे आले. कपाट पाठोपाठ आलं. गुट्ट्या, स्क्रू, मागची हातभर भिंत, सगळं एकदम. आवाज असा झाला की रोडवरची माणसं जमली. एक मोठं बेअरिंग घरंगळत नानांच्या डाव्या पायावर गेलं आणि दोन बोटं मोडली. त्यांच्या बसायच्या पोत्यावर कपाट पालथं पडलं होतं.

वहिनी डोक्यावर पदर नसलेली, पिठाच्या हातांची, दोन परक्या ड्रायव्हरांसमोर, सासऱ्याच्या पुढे उभी होती. तिच्या लक्षात आलं तसा तिनं पदर घेतला, पण पीठ सगळं केसांना लागलं. ती मागे वळणार तेवढ्यात नाना तेलाच्या पिंपावर बसत म्हणाले, "सूनबाई, पाणी दे."

मी पडद्यात उभी होते. मला 'तिला सांग' म्हणाले नाहीत. तिला म्हणाले. तिनं पाणी आणलं, पायावर हळद दाबली, दादा धावत आला तेव्हा त्याला पट्टी बांधायला लावली. नाना तिला विचारत होते आणि ती सांगत होती, दुखतंय का, हलवून बघा, टांगा आणायला सांगू का. सरळ. आमच्या घरात असं बोलणं मी पहिल्यांदा ऐकत होते आणि ते इतकं साधं होतं की मला चीड आली. आतमध्ये माझी भाकरी तव्यावर जळली. तिचाही वास कोणाला आला नाही.

संध्याकाळी नाना खाटेवर पाय वर करून बसले होते. दादाला म्हणाले, "तिला सांग," आणि मधेच थांबले. मग पडद्याकडे बघून म्हणाले, "सूनबाई, आजपासून माझ्याशी सरळ बोलत जा. मधे कोणी नको." दादानं माझ्याकडे पाहिलं. त्याला काही कळलं नव्हतं. नानांनी माझ्याकडे पाहिलंच नाही.

भिंत पुन्हा बांधली, पुन्हा मातीचीच, कारण चूल हलवायची नव्हती. आणि पंधरा दिवसांनी नाना काठी टेकत कपाट परत लावायला उभे राहिले. माय बोदवडहून आली होती. सून सासऱ्याशी बोलते हे ऐकून तिनं दोन दिवस तोंड वाकडं केलं, मग नानांचा पाय पाहिला आणि गप्प बसली. आरपार बोल्टला दोन्ही बाजूंना माणूस लागतो. एकानं बोल्ट फिरू नये म्हणून धरायचा, दुसऱ्यानं नट आवळायचा. नानांनी कामं वाटली. दादा कपाट उचलून धरेल. वहिनी त्यांच्याजवळ गॅरेजात उभी राहून मापं सांगेल. मी चुलीच्या बाजूला पाना घेऊन.

मी आत चुलीपाशी उभी राहिले. नानांनी पलीकडून सळईनं भोक पाडलं, सळई आत आली, मग मागे गेली, आणि भिंतीत चार सुताचं गोल उजेडाचं भोक राहिलं. त्यातून मला त्या दोघांचं बोलणं ऐकू येत होतं. ती म्हणत होती, "नाना, पट्टी जरा वर." ते म्हणत होते, "तुझ्या बापानं तुला पोरगा करायला हवं होतं." ती हसली. मी त्यांच्या डब्यांपाशी सहा-सात वर्षं बसले, मला ते असं कधी म्हणाले नव्हते. मी हातात नट धरून उभी होते. डोळे मिटूनही मला त्याचं माप सांगता आलं असतं, पण विचारणारं त्या बाजूला कोणी नव्हतं.

मग त्या भोकातून नानांचा आवाज आला. तोंड भिंतीला लावून बोलत असावेत, अगदी कानापाशी आला.

"ऐकू येतंय का तुला?"

मी म्हणाले, "येतंय."

"माले बी येत व्हतं," नाना म्हणाले. "पडद्यातून."

मग भोकातून बोल्ट आत आला आणि उजेड गेला. मी वायसर घातला, पट्टी घातली, नट लावला आणि आवळला. आटे चुकले नाहीत. चारही बोल्ट असेच बसले. याच्यावर आम्ही दोघं पुन्हा कधी बोललो नाही.

पुढच्याच वर्षी माझं लग्न झालं, आणि दिलं कुठे तर जळगावला. ती तिकडून इकडे आली, मी इकडून तिकडे गेले. माझ्या सासरी अकरा वर्षं मी सासऱ्याशी बोलले नाही. पडद्याआडून नणंदेला सांगायचे, ती पुढे सांगायची. ती काय गाळते आणि काय आपलं म्हणून सांगते ते मला आडून नीट ऐकू यायचं. मी एकदाही तिला खोटं पाडलं नाही. चांगुलपणा म्हणून नाही. तिचा चेहरा मला ओळखीचा होता.

वहिनी आता पंच्याहत्तरीच्या पुढे आहे, कान गेलेत, फोनवर मीच ओरडते. एकदा मी तिला विचारलं, चौथ्या दिवशी दादा आल्यावर तू त्याला का नाही सांगितलंस. ती म्हणाली, "सकाळी आले, दुपारी पडलं. आणि अक्का, नणंद खोटं बोलली असं नवऱ्याला सांगत सुटायचं का? तुम्ही सांगाल असं वाटलं." नाना गेले तेव्हा मी जळगावहून निघाले ती पोचेपर्यंत सगळं झालं होतं. शेवटी ते वहिनीशी बोलत होते म्हणे. काय बोलले ते तिनं मला सांगितलं, पण मी ते धड ऐकलं नाही. मला तेव्हाही राग आला, आणि खरं सांगायचं तर लिहिताना आताही येतो आहे. वय झालं की असलं सगळं विरघळतं असं लोक म्हणतात. माझं विरघळलं नाही.

आमच्या गल्लीत सासऱ्याशी सरळ बोलणारी पहिली सून आमच्या घरची. तिच्यामागून दोन वर्षांत आणखी तीन-चार घरांत पडदे गेले. नानांच्या तेराव्याला एका शिकलेल्या माणसानं उभं राहून भाषण केलं, म्हणाला, नाना फार शिकलेले नव्हते पण मनानं सुधारक होते, त्यांनी सुनेला लेकीसारखं बोलतं केलं. सगळ्यांनी माना हलवल्या. वहिनी माझ्याशेजारी बसली होती. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही आणि मी तिच्याकडे पाहिलं नाही. नाना सुधारक नव्हते. त्यांच्या लेकीनं निरोप पोचवला नाही, म्हणून त्यांना सुनेशी बोलावं लागलं. हे त्या माणसाला सांगायला पाहिजे होतं. मला त्यानं विचारलंही, तुम्ही लेक ना, तुम्हाला काही सांगायचंय का.

मी म्हणाले, काही नाही.